केअर होममधले आजी-आजोबा दिवसभर खुर्चीतच असतात, त्यांना हलतं कसं ठेवायचं?

तांबडफुटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

माझी आत्या, वय ८३, पुण्याच्या बाहेरच्या बाजूला एका केअर होममध्ये राहते. जागा चांगली आहे, स्वच्छता उत्तम, जेवण गरम, माणसं प्रेमळ. पण कधीही जा, चित्र तेच. हॉलमध्ये भिंतीला लागून खुर्च्या, समोर टीव्ही आणि सगळे ओळीने बसलेले. नाश्ता झाला की बसले, जेवण झालं की बसले, चहा हातात येतो, पाणी हातात येतं, गोळ्या हातात येतात. जेवायची खोली हॉलला लागून आहे, तिथंही व्हीलचेअरवरून नेतात कारण सगळ्यांना वेळेत पानावर बसवायचं असतं.

आत्या तिथं गेली तेव्हा काठी घेऊन स्वतः चालायची. आता खुर्चीतून उठायला दोन मावश्या बखोटीला धरतात. मधे कुठलं मोठं आजारपण नाही, फ्रॅक्चर नाही, नुसतं बसून बसून. मॅनेजर बाईंशी बोलले तर म्हणाल्या, ताई, सकाळी व्यायामाचा तास आहे की. आहे, अर्धा तास, तोही खुर्चीत बसून हात वर खाली. मग उरलेले साडेतेवीस तास? तर म्हणाल्या, चालवलं आणि पडल्या तर तुम्हीच आम्हाला बोलाल.

मला वाटतं हे लोक वयामुळे बसलेले नाहीत, त्यांना बसवलंय, प्रेमापोटी आणि भीतीपोटी. हे बदलता येतं का? कोणी बदललंय का? तिथल्या माणसांशी भांडण न होता काय मागता येईल?

गव्हाची_पेज
वाचतेय. सासूबाईंच्या बाबतीत सेम.

रोखठोक_सातारा
पडल्या तर, हाच पहिला प्रश्न आहे आणि तो उडवून लावू नका. माझी आजी एकदाच पडली. खुब्याचं हाड, ऑपरेशन, मग अंथरूण, मग न्यूमोनिया आणि संपलं. मॅनेजर बाईंचं काही चुकत नाहीये. बसून राहिलेलं परवडलं.

अस्थिपंजर
रोखठोक, वाचून वाईट वाटलं. मी फिजिओ आहे, खुब्याचे पेशंट रोज बघते, तुमची भीती खोटी नाही. पण बसवून ठेवल्याने पडणं टळत नाही, ते पुढे ढकललं जातं आणि जास्त वाईट होऊन येतं. कारण एक ना एक दिवस रात्री बाथरूमला जायला त्या उठणारच, कोणाला हाक न मारता, आणि तेव्हा पायात ताकद नसेल.

स्नायू किती पटकन जातात याचा अंदाज घरच्यांना नसतो. अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना, म्हणजे साधारण साठी-सत्तरीतल्या लोकांना, मुद्दाम १० दिवस अंथरुणात ठेवून मोजलं होतं, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने उतरले होते. हे धडधाकटांचं. खुर्चीत दिवस काढणाऱ्या ८३ वर्षांच्या बाईंचं हळूहळू होतं इतकाच फरक.

आता चांगली बातमी. हे परत येतं. बॉस्टनच्या एका नर्सिंग होममध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हाला कॉलेजात शिकवतात. १०० रहिवासी, सरासरी वय ८७, बरेचसे काठी-वॉकरवाले. १० आठवडे, आठवड्यातून तीनदा वजन लावून पायांचे व्यायाम. ताकद दुपटीच्याही वर गेली, चालण्याचा वेग वाढला, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे व्यायामाच्या वेळेबाहेरही ते आपणहून जास्त हिंडायला लागले. त्याआधी तिथेच नव्वदीच्या लोकांवरही करून झालं होतं.

तेव्हा तांबडफुटी, हात वर खाली करून काही बिघडत नाही, पण आत्याबाईंना गरज आहे ती उठबशीची. शिक्षेची नव्हे, खुर्चीची. उठायची पद्धत लिहिते, मावश्यांना दाखवा:

आधी खुर्चीत पुढे सरकायचं, कडेपर्यंत. पावलं मागे, टाचा गुडघ्याच्या थोड्या आत. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं, आणि हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबून वर. बहुतेक म्हातारी माणसं ताठ बसूनच उठायला बघतात, वजन मागे राहतं आणि धपकन परत बसतात, मग सगळे म्हणतात यांना उठता येत नाही. बखोटीला धरून ओढणं बंदच करा, खांदा निखळतो आणि ओढणाऱ्या मावशीची कंबर जाते ती वेगळीच. दर वेळी बसायच्या आधी अजून एकदा उठून बसायचं, एवढाच नियम ठेवला तरी दिवसाकाठी चांगला व्यायाम होतो. बसताना हळू बसायचं, तेही मोजलं जातं.

आणि खुर्ची बघा! बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येत असतील तर खुर्ची बुटकी आहे. दांडे हवेतच. हॉलमधले मऊ सोफे दिसायला छान पण त्यातून मलाही हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, तिथं आजींचं काय.

खमंग_काकडी
आमचे आप्पा केअर होममध्ये कोणाच्या बापाचं ऐकत नव्हते. शेवटी पेपर त्यांच्या खोलीत द्यायचा बंद केला आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशी पाच माणसांना शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन तरातरा निघाले. आता दुसऱ्या कोणी आधी पेपर उचलला तर म्हणून सगळ्यांच्या आधी पोचतात :ड

अस्थिपंजर
@खमंग_काकडी, जगातला सर्वोत्तम फिजिओथेरपिस्ट म्हणजे लोकसत्ता :)

गोदाकाठ
मी नाशिकला एक लहान होम चालवतो, वीस-बावीस रहिवासी. दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो.

एका आजींना स्वतः उठू दिलं, चप्पल घालू दिली, वॉकर धरून जेवायला येऊ दिलं तर सात-आठ मिनिटं जातात. व्हीलचेअरने दोन. आता अशा बारा आजी आहेत आणि मावशी तीन. गणित तुम्हीच करा. मावशी आळशी नसतात, त्यांना घाई असते, आणि ती घाई आमच्याकडून येते कारण साडेबाराला जेवण म्हणजे साडेबारालाच अशी आपली पद्धत. बरं मावश्या मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, ब्युरोकडून येणारी बाई महिन्याने बदलते, तिला शिकवलेलं तिच्याबरोबर जातं.

दुसरं म्हणजे नातेवाईक. आमच्याकडे हॉलचा कॅमेरा नातेवाइकांना मोबाईलवर दिसतो. एक आजोबा वॉकर घेऊन एकटे चालले होते, दूरच्या गावाहून मुलाचा फोन, माझ्या वडिलांबरोबर कोणी का नाही, मी पैसे कशाचे भरतो. त्यांच्या मागे चार हातांवर आमचा मामा उभा होता, तो फ्रेममध्ये नव्हता. असे दोन फोन आले की स्टाफ काय शिकतो? की यांना उठू द्यायचं नाही. बसलेल्या माणसाबद्दल मला आजवर एकाही नातेवाइकाचा फोन आलेला नाही. तांबडफुटी, तुमची तक्रार वाचून खरं सांगतो आनंद झाला. अशी नातेवाईक मंडळी आम्हाला हवीत.

तांबडफुटी
@गोदाकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. हा वेळेचा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. मग तुमच्याकडे तुम्ही काय केलं?

गोदाकाठ
जेवण दोन पंगतींत केलं. चालत येणारे सव्वाबाराला निघायला लागतात, बाकीचे पाऊणला. स्वयंपाकीण थोडी कुरकुरली, आता तिला तेच सोपं वाटतं कारण पोळ्या एकदम लागत नाहीत. वाटेत पॅसेजमध्ये मध्येच एक खुर्ची ठेवलीय, दम लागला की टेकायला. ती खुर्ची ठेवल्यापासून दोघी आजी चालत यायला तयार झाल्या, नाहीतर अर्ध्यात अडकले तर काय ही भीती होती त्यांना. व्हीलचेअर जेवायच्या खोलीत न्यायच्याच नाहीत असं आधी केलं होतं, ते मात्र जमलं नाही, गुडघे गेलेल्यांचे हाल झाले, सोडून दिलं.

निवांत_आजोबा
मी स्वतः अशा ठिकाणी राहतो. वय ७९. इथे सगळे आमच्याबद्दल बोलत आहेत म्हणून म्हटलं आपणही बोलावं.

आम्ही का बसतो? एक, उठून जायचं कुठे? खोलीत पलंग, हॉलमध्ये टीव्ही, बागेचं दार कुलूप लावलेलं. दोन, उठायला मदत लागते आणि त्या पोरीला चौथ्यांदा हाक मारायला संकोच वाटतो. ती दिवसभर राबत असते. तिला त्रास नको म्हणून मी पाणी कमी पितो, म्हणजे बाथरूमला कमी जावं लागतं. हे माझ्या मुलालाही माहीत नाही. तीन, गुडघे दुखतात आणि पहिली पाच पावलं सगळ्यात वाईट असतात, पुढची बरी जातात, पण पहिल्या पाचांच्या भीतीने माणूस उठत नाही. चार, मी चाळीस वर्षं एसटीत नोकरी केली, मला कोणी टाळ्या वाजवत "चला आजोबा, हात वर, शाब्बास" म्हटलं की मी मुद्दाम हात खाली ठेवतो.

मला व्यायाम नको. मला काम द्या.

गव्हाची_पेज
आजोबा _/\_

तांबडफुटी
आजोबा, पाणी कमी पिण्याचं वाचून धस्स झालं. आत्याला विचारते आजच.

डॉ_ओपीडी
आजोबांचा दुसरा मुद्दा दवाखान्यात रोज दिसतो. पाणी कमी, मग बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, उठल्यावर चक्कर, आणि मग "हल्ली फार पडतात हो". प्लीज पाणी प्या.

व्यायामाकडे जायच्या आधी "का बसतात" हे तपासा. माझी यादी अशी की औषधांची पिशवी पूर्ण टेबलावर ओता. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची औषधं. केअर होममध्ये जुनं प्रिस्क्रिप्शन वर्षानुवर्षं पुढे चालू राहतं, दिवसा पेंगणाऱ्या आजींना सगळे वयावर घालतात. आपल्या मनाने मात्र बंद करू नका, झोपेची गोळी एकदम बंद केली तर वेगळा त्रास होतो, डॉक्टरांकडून कमी करून घ्या.

बीपी झोपलेलं असताना घ्या आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर तिथून येतेय. मग उठायच्या आधी पलंगाच्या कडेला बसून जरा पाय हलवायचे, घोट्यातून वर खाली, आणि मग उभं राहायचं. शिवाय बी१२, डी, मोतीबिंदू, कानात मळ, पायाची वाढलेली नखं. नखं म्हटलं की हसतात लोक, पण अंगठ्याचं नख रुतलेला माणूस चालेल कसा?

शेजारची_वेल
मला थोडं वेगळं म्हणायचंय, रागावू नका. आयुष्यभर या बायका उभ्याच होत्या. पहाटे उठून पाणी भरलं, वीस माणसांचं रांधलं, नोकऱ्या केल्या. आता ८३ व्या वर्षी निवांत बसून टीव्ही बघावासा वाटला तर बसू द्या ना. प्रत्येक गोष्टीत आपण पोरांसारखं त्यांच्या मागे लागतो. हे वय विश्रांतीचं आहे.

रोखठोक_सातारा
अनुमोदन.

अस्थिपंजर
वेल, बसायचा हक्क आहेच. पण बसायचा हक्क आणि उठता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाईंना उठता येतं त्या बसल्या तर ती विश्रांती. ज्यांना उठता येत नाही त्यांना विश्रांती संपली की काय करायचं? टीव्हीवरची मालिका नको असेल तर उठून जाताही येत नाही त्यांना.

मोगरा७
वेलताई, तुमचा मुद्दा मला पटतो आणि नाहीही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे, दोन वर्षं केअर होममध्ये. ती सुरुवातीला सतत फिरायची, पॅसेजमध्ये येरझाऱ्या, "घरी जायचंय". स्टाफला तो त्रास वाटायचा, बसा आजी बसा आजी करून तिला बसवायचे. शेवटी ती बसली. आणि बसली ती बसलीच. तेव्हा सगळे म्हणाले आता छान शांत झाल्या. मला ती शांती बघवत नव्हती.

नंतर एक नवीन सिस्टर आल्या, त्यांनी आईला धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला दिल्या. उंच टेबलावर, उभं राहून. आईचे हात आपोआप चालायला लागले. घड्या झाल्या की गठ्ठा कपाटापर्यंत न्यायचा. मग मटार सोलणं, मेथी निवडणं. तिला माझं नाव आठवत नाही पण मेथीची काडी कुठे खुडायची ते बरोबर आठवतं.

आणि एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. डायपर. आईला दिवसाही डायपर लावायचे, गरज होती म्हणून नव्हे, सोयीसाठी. केअर होममध्ये माणूस दिवसातून पाच-सहा वेळा हक्काने चालतो तो बाथरूमला. तेच बंद केलं तर उरलं काय? आम्ही दिवसाचा डायपर सोडवला, दर दोन-अडीच तासांनी कोणीतरी विचारायचं, "चला, जाऊन येऊ." सुरुवातीला कपडे ओले झाले, जास्तीचे गाऊन देऊन ठेवले. आता रात्रीचाच लागतो. तेवढ्या फेऱ्यांनी तिच्या पायात जे परत आलं ते कुठल्याच व्यायामाने आलं नव्हतं.

गोदाकाठ
डायपरचं मोगराताईंनी अगदी मुळावर बोट ठेवलं. आमच्या धंद्यात हे सर्रास आहे.

पिंपरी_ते_पर्थ
थांबा थांबा. आपण महिन्याला एवढे पैसे भरायचे आणि आईने तिथं टॉवेलच्या घड्या घालायच्या, मटार सोलायचे? उद्या भांडी घासायला लावतील. हे मला अजिबात पटलेलं नाही. सेवा घ्यायला ठेवलंय, राबायला नाही.

निवांत_आजोबा
पर्थकर, तुमच्या आईला विचारलंत का?

मोगरा७
@पिंपरी_ते_पर्थ, भीती रास्त आहे. स्टाफ कमी म्हणून रहिवाशांकडून काम करून घेणं हा गुन्हाच. फरक असा की तिला हवं तेव्हा ती थांबते, अर्धे मटार तोंडात टाकते, कधी कधी घातलेल्या घड्या परत उलगडून ठेवते आणि कोणी काही बोलत नाही. तिने नाही केलं तर काम अडत नाही. ज्या दिवशी अडायला लागेल त्या दिवशी मी भांडेन.

कऱ्हाकाठ
यावरून आठवलं. अमेरिकेत १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमची खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोपटं घ्या, त्याची काळजी तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर पण रोपटी दिली, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त सावध, जास्त हिंडते-फिरते आणि जास्त आनंदी निघाले. व्यायाम कोणालाच शिकवला नव्हता. एक तुळशीची कुंडी बागेत ठेवा आणि आत्याबाईंच्या नावावर करा, बघा काय होतंय.

पाटलीणबाई
मी सांगू का, आमच्या सासूबाईंच्या आश्रमात (सांगलीकडे) व्यायामाला चार माणसं यायची. पण संध्याकाळी आरती सुरू झाली की ज्यांना उठता येत नाही म्हणतात त्यापण खुर्चीचा दांडा धरून उभ्या राहतात!! आरतीला बसून कसं राहायचं, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. गणपतीत तर सुखकर्तापासून घालीन लोटांगणपर्यंत उभ्या, वर टाळ्या, टाळ. तिथल्या ताईंनी ते बरोबर हेरलं, आता सकाळी पण आरती असते. आणि मंगळागौरीला दोघीजणींनी हात धरून उभ्याउभ्या फुगडीचा नुसता ठेका धरला होता, गोल नाही फिरल्या पण पावलं उचलत होत्या, एक ८८ वर्षांच्या. व्हिडिओ बघून आम्ही सगळ्या रडलो.

अस्थिपंजर
पाटलीणबाई, उभं राहून दोन्ही हातांनी टाळ्या म्हणजे आधार सोडून तोल सांभाळणं. आम्ही हेच शिकवतो आणि लोक कंटाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचे व्यायाम सांगितलेत. बसण्याचा वेळ कमी करून त्या जागी कुठलीही हालचाल आली, अगदी हलकी, तरी फायदा हेही त्यातच आहे. फक्त मागे खुर्ची असू द्या आणि जास्त अस्थिर असतील त्यांच्या शेजारी एक माणूस.

खमंग_काकडी
म्हणजे लांबलचक आरत्या म्हणणाऱ्या काकांचा आता सत्कार करायला हवा.

मडगांवची_बाय
आमच्याकडे गोव्यात जुन्या घरांना पुढे बल्कांव असतो, दाराच्या दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे. माझ्या आईची एक मैत्रीण राहते तो आश्रम अशाच जुन्या घरात आहे, सिस्टर्स चालवतात. तिथल्या म्हाताऱ्या बसतातच, पण बल्कांवात. पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत येतो तेव्हा खोलीतून बाहेर, मग ऊन आलं की आत, संध्याकाळी परत बाहेर. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचं असतं ना! निवांत आजोबांनी लिहिलंय तेच, जायला कुठेतरी जागा हवी. टीव्ही भिंतीवर आहे म्हणून खुर्च्या तिथं आहेत. खुर्च्या रस्त्याच्या बाजूला ठेवा, माणसं तिथं जातील.

गव्हाची_पेज
थोडं अवांतर, चपलांचं काय करता? सासूबाईंना रबरी स्लीपरच हव्यात आणि त्या घसरतात. आणि साडी सोडायला तयार नाहीत.

अस्थिपंजर
अवांतर नाही, हे मुख्यच आहे. मागे पट्टा असलेली, तळवा पातळ आणि न घसरणारा, वेलक्रोची सँडल. फार मऊ जाड तळव्याचे महागडे बूट नकोत, जमीन जाणवत नाही. पावलं सुजत असतील तर संध्याकाळी माप घ्या. साडी असेल तर घोट्याच्या वर चार बोटं नेसवा आणि परकराची नाडी पक्की. नुसते मोजे घालून फरशीवर कधीच नाही.

बर्फाळ_लीड्स
मी इकडे इंग्लंडमध्ये केअर असिस्टंट आहे, आधी सोलापूरला नर्सिंग केलं. परदेशात सगळं भारी असेल असं वाटत असेल तर सांगते, दुपारच्या जेवणानंतर इथेही लाउंजमध्ये गोलाकार खुर्च्या आणि सगळे पेंगत. फरक इतका की आमच्या कागदावर लिहिलेलं असतं की ही व्यक्ती काय काय स्वतः करू शकते आणि मदत नेमकी किती. "आंघोळ घालणे" असं नाही लिहायचं, "तोंड आणि हात स्वतः धुतात, पाठ आणि पायाला मदत" असं. नवीन मुलगी आली तरी तिला कळतं की या बाईंना स्वेटरच्या बाह्या स्वतः घालू द्यायच्या. गोदाकाठ, तुमचा ब्युरोच्या बाईचा प्रश्न यातून थोडा सुटेल, पलंगाच्या डोक्याशी मराठीत चार ओळी लावा.

दुसरं, इथे २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की कोणी आपल्याला शहाणपणाचा न वाटणारा निर्णय घेतला एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. म्हणजे आजी म्हणाल्या की मला धोका माहितीये आणि तरी मी वॉकरने एकटीच बागेत जाणार, तर ते ऐकावं लागतं. आम्ही धोका कमी करतो, वाटेतली वायर उचलतो, गालिचा काढतो, वॉकरचं रबर तपासतो, पण त्यांना खुर्चीत अडकवत नाही. तांबडफुटी, आपल्याकडे मुलगा, पुतण्या, मॅनेजर सगळे बोलतात. आत्याबाई स्वतः काय म्हणतात?

रोखठोक_सातारा
हे वाचून आजीचं परत आठवलं. ती पडायच्या आधी सहा महिने आम्ही तिला जवळजवळ उचलूनच नेत होतो सगळीकडे. त्याचा याच्याशी संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. असो. अस्थिपंजर, तीन पायांची काठी बरी की वॉकर?

अस्थिपंजर
माणूस बघितल्याशिवाय सांगू नये, पण ढोबळ सांगते. एका बाजूला थोडाच आधार हवा असेल तर काठी, दोन्हीकडे तोल जात असेल तर वॉकर. उंची मनगटाच्या घडीपर्यंत, हात खाली सोडून उभं केलं की कळतं. केअर होममध्ये एकाचा वॉकर दुसऱ्याला देतात आणि मग आजी कमरेत वाकून चालतात. प्रत्येकाच्या वॉकरला नाव लावा. आणि तो हाताला लागेल असा खुर्चीशेजारीच हवा. अडचण होते म्हणून भिंतीला नेऊन ठेवला की आजींनी उठायचं कसं?

तांबडफुटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आत्याशी बोलले, मग मॅनेजर बाईंशी, आणि यावेळी बोलणं खूप वेगळं झालं कारण मी गोदाकाठांच्या बाजूने सुरुवात केली की तुमच्याकडे हात किती आहेत आणि घाई कुठे होते.

आत्याचं म्हणणं: तिला बागेत जायचंय, तिला व्हीलचेअरची लाज वाटते, आणि हो, निवांत आजोबा, तीही पाणी कमी पिते, त्याच कारणाने. दिवसा डायपर तिला नको होता, विचारलंच नव्हतं कोणी.

ठरलं ते असं. दुपारचं जेवण चालत, बाकी दोन वेळा सध्या व्हीलचेअरच, संध्याकाळी ती दमलेली असते. दिवसाचा डायपर बंद. हॉलमधली तिची खुर्ची मी बदलून दिली, लाकडी, दांड्यांची, उंच. बागेचं कुलूप सकाळी नऊ ते अकरा उघडं, एक मामा तिथंच झाडांना पाणी घालत असतो म्हणून. मॅनेजर बाईंना फक्त आमच्याकडून लेखी हवंय. मी मसुदा केलाय, बघा:

"आमच्या आत्याने रोज उठावं, चालावं अशी तिची आणि आमची इच्छा आहे. यात पडण्याचा धोका आहे हे आम्हाला माहीत आहे. संस्थेने ठरलेली काळजी घेतली असताना ती पडली तर आम्ही कर्मचाऱ्यांना दोष देणार नाही. ती पडल्यास लगेच कळवावं आणि तिचं चालणं आम्हाला विचारल्याशिवाय बंद करू नये."

डॉ_ओपीडी
शेवटचं वाक्य फार चांगलं. एकदा पडलं की कायमचं बसवलं जातं, बहुतेकांचं चालणं तिथेच थांबतं. "ठरलेली काळजी" म्हणजे काय ते खाली वेगळं लिहा: चप्पल, चष्मा, वॉकर हाताशी, ओली फरशी लगेच पुसणे, रात्री बाथरूमचा दिवा चालू. नाहीतर निष्काळजीपणालाही हेच पत्र दाखवतील.

बर्फाळ_लीड्स
आणि "आम्ही" च्या आधी सही आत्याबाईंची.

तांबडफुटी
दोन्ही केलं. आत्याने सही करताना एक ओळ वाढवायला लावली, संध्याकाळी सात ते आठ मालिका चालू असताना मला कोणी उठवू नये.

शेजारची_वेल
आत्याबाई झिंदाबाद!

गोदाकाठ
हा मजकूर मी आमच्याकडे वापरला तर चालेल ना? एक शंका आहे, ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांच्या बाबतीत कसं करायचं? त्यांना विचारून उपयोग काय असं स्टाफ म्हणतो.

मोगरा७
गोदाकाठ, सही माझीच होती, पण विचारतो आम्ही आईलाच, रोज, त्या त्या वेळी. "चालायचं का?" असं नाही विचारत, त्याला तिचं उत्तर नेहमी नाही. वॉकर पुढे ठेवायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचं "मेथी आलीय बघ". उठली तर उठली. हात झिडकारला तर अर्ध्या तासाने परत. मावश्यांना एवढंच सांगा की झिडकारलं म्हणजे आज नको असा अर्थ काढू नका, आत्ता नको असा काढा.

तांबडफुटी
@गोदाकाठ, जरूर वापरा. डॉक्टरांनी सांगितलेली यादी जोडून पूर्ण मजकूर उद्या इथेच टाकते.